'निकितीन' : पितृनाम की आडनाव?

बहमनी राज्याच्या इतिहासाच्या निमित्ताने जो अभ्यासक चौल, जुन्नर व बीदर या तीन स्थळांत वावरतो, त्याची अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याशी गाठ पडल्यावाचून राहत नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा गृहस्थ व्होल्गाकाठच्या त्वेर नगरातून निघाला, इराणमार्गे होर्मुझला आला, आणि एक घोडा बरोबर घेऊन चौलच्या बंदरात उतरला. त्याने लिहून ठेवलेला 'तीन समुद्रांपलीकडील प्रवास' हा वृत्तांत दक्षिणेच्या इतिहासाचे एक साधन म्हणून आपल्याकडे सुपरिचित आहे. इतिहासग्रंथाच्या अखेरीस जी नामसूची असते तीत हा प्रवासी 'न' या अक्षराखाली सापडतो, आणि त्याची नोंद 'निकितीन, अफनासी' अशी असते. प्रस्तुत लेखाचा विषय त्या नोंदीतील स्वल्पविराम हा आहे. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग व्यक्तिनाम ही पद्धत ज्याला आडनाव आहे अशाच मनुष्याच्या बाबतीत सार्थ होते. अफनासीला आडनाव होते काय?

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि नामविज्ञानात एक चूक वारंवार होत असते, आणि तिचा उत्तम नमुना येथे मिळतो. उत्तरकालीन भाषेत एखादे रूप ज्या कार्यासाठी वापरले जाते, तेच कार्य ते पूर्वकालीन भाषेतही करीत होते असे आपण गृहीत धरतो. शब्द तोच, प्रत्यय तोच, मग अर्थही तोच असणार, असा हा समज असतो.

प्रथम रूपाचा विचार करू. 'निकितीन' या शब्दात 'निकिता' ही प्रकृति व '-ईन' हा प्रत्यय असे दोन घटक आहेत. निकिता हे मूळचे ग्रीक नाव, 'निकेतास्'. त्याचा अर्थ विजयी. ते ख्रिस्ती संतांच्या नामावलीतून रशियात आले. आपल्याकडे निकिता हे मुलीचे नाव असल्यामुळे विद्यार्थी येथे हटकून अडखळतात. वर्गात हे नाव फळ्यावर लिहिले की हा गृहस्थ आईच्या नावाने का ओळखला जातो, अशी पृच्छा होते. रशियन भाषेत निकिता हे पुरुषाचे नाव आहे. १९५५ साली भारतभेटीस आलेले ख्रुश्चेव्ह हे निकिताच होते. मात्र नाव पुल्लिंगी असले तरी ते आकारान्त आहे, आणि रशियन व्याकरणाचे लक्ष लिंगापेक्षा या अन्त्य स्वराकडे अधिक आहे. नाव व्यंजनान्त असेल तर त्याला '-ओव' हा प्रत्यय लागतो आणि व्यंजन मृदू असेल तर '-एव'. त्यावरून इवान-इवानोव, प्योत्र-पेत्रोव, अलेक्सेय-अलेक्सेयेव. नाव आकारान्त असेल तर '-ईन' लागतो. जसे इल्या-इल्यीन, फोमा-फोमीन, निकिता-निकितीन. यावरून एखाद्या अपरिचित रशियन आडनावाचा शेवट पाहून त्याची प्रकृति आकारान्त होती की व्यंजनान्त, हे बहुधा सांगता येते.

हा प्रत्यय करतो काय? मराठी भाषकाला हे समजावून सांगण्यास फार सायास पडत नाहीत. आपण 'निकिताचा मुलगा, निकिताची मुलगी, निकिताचे गाव' असे म्हणतो. येथे 'चा' हा संबंधवाचक प्रत्यय पुढील नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो, आणि 'निकिताचा' हे सबंध पद विशेषणासारखे वागते. जुन्या रशियनमध्येही हुबेहूब हेच घडते : 'निकितीन सिन, निकितिना दोच, निकितिनो सेलो', म्हणजे क्रमाने निकिताचा पुत्र, निकिताची कन्या, निकिताचे खेडे. (यातील 'सिन' हा शब्द संस्कृत 'सूनु'चा सगोत्र होय.) 'निकितीन' हा शब्द अशा रीतीने मुळात नामच नव्हे. ते स्वामित्वदर्शक विशेषण आहे, आणि विशेष्याची अपेक्षा ठेवून उभे आहे. हा प्रत्यय आजही जिवंत असून 'मामा' म्हणजे आई या शब्दावरून 'मामीन', अर्थात् 'आईचा', असे विशेषण रशियन मूल रोज वापरते.

याच्याशेजारी दुसरा प्रत्यय ठेवून पाहावा. निकितावरून 'निकितिच' असेही रूप होते. रशियन वीरगाथांतील दोब्रिन्या निकितिच हा वीर प्रसिद्धच आहे. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर 'निकितिच' हे अपत्यार्थक तद्धित आहे, दशरथापासून झालेल्या 'दाशरथि'सारखे. 'निकितीन' हे केवळ संबंधार्थक आहे. पहिल्यात 'पुत्र' हा अर्थ प्रत्ययातच सामावलेला असल्यामुळे वेगळे विशेष्य नको. दुसऱ्यात तो नाही, म्हणून 'सिन' हा शब्द जोडावा लागतो.

आता प्रवासवृत्तांताकडे वळू. त्याच्या प्रती निरनिराळ्या हस्तलिखितांत राहिल्या आहेत. त्यांपैकी त्रोइत्स्की या नावाने ओळखली जाणारी प्रत इतिहासकार करमझीन यांना त्रोइत्स-सेर्गियेव मठाच्या ग्रंथसंग्रहात आढळली, आणि त्यांच्या रशियाच्या इतिहासामुळे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अभ्यासकांना हा वृत्तांत ज्ञात झाला. या प्रतीचा आरंभ प्रार्थनेने होतो. तीत लेखक परमेश्वरासमोर स्वतःचे नाव सांगतो, आणि तेथे 'मिकितीन' या विशेषणाला 'सिन' हे विशेष्य जोडलेले आहे, दोन्ही एकाच विभक्तीत. म्हणजे 'मिकिताचा पुत्र'. (मिकिता हे निकिताचे लोकभाषेतील रूप; निकोलायचे 'मिकोला' होते तसेच. युक्रेनियन भाषेत हे मकारयुक्त रूप रूढ असून 'मिकितेन्को' हे आडनाव त्यावरूनच आले.) विशेष्य प्रत्यक्ष समोर असताना विशेषणाला आडनाव ठरविणे हे व्याकरणाला धरून नाही.

दुसरा पुरावा इतिवृत्तकारांचा. अफनासी मायदेशी परत पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो मरण पावला. त्याने स्वहस्ते लिहिलेल्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला आणून थोरल्या राजाचे लेखनाधिकारी वसीली मामिरेव यांच्या स्वाधीन केल्या. १४७५ या वर्षाखाली इतिवृत्तात या वृत्तांताची नोंद आहे. तेथे त्याचा निर्देश 'ओफोनास त्वेरितीन, व्यापारी' अशा अर्थाचा आहे. निकितीनचा पत्ता नाही. जर 'निकितीन' हे त्या घराण्याचे नाव असते, तर ओळख पटविण्यासाठी तेच सर्वांआधी आले असते. इतिवृत्तकाराला गाव व धंदा पुरेसा वाटला.

'त्वेरितीन' या रूपावर येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण त्याच्याही अंती '-ईन' आहे, आणि केवळ शेवट जुळला म्हणून हा तोच प्रत्यय मानण्याचा मोह होतो. वस्तुतः हे दोन भिन्न प्रत्यय होत. 'त्वेरितीन'मधील '-ईन' समुदायातील एक व्यक्ती दर्शवितो : त्वेरचा एक रहिवासी. तो फक्त एकवचनात असतो व अनेकवचनात गळून पडतो. 'ततारीन' म्हणजे एक तातार, 'ततारी' म्हणजे अनेक. त्याचप्रमाणे एक 'त्वेरितीन', पण अनेक 'त्वेरिची'. उलट 'निकितीन'चे अनेकवचन 'निकितिनी' होते. तेथे '-ईन' टिकून राहतो. आणखी एक खूण अशी की 'त्वेरितीन' हे स्वतंत्र व्यंजनान्त नाम असल्यामुळे त्यावरून आडनाव करावयाचे तर पुन्हा '-ओव' लावावा लागतो : 'त्वेरितिनोव'. या नावाचा एक धर्मविरोधी म्हणून गाजलेला मनुष्य, द्मित्री त्वेरितिनोव, अठराव्या शतकाच्या आरंभी मॉस्कोत होऊन गेला.

तिसरा पुरावा तर आपल्याच भूमीतला आहे. जुन्नरला तेथील खानाने अफनासीचा घोडा काढून घेतला, आणि धर्मांतर केल्यास घोडा व वर सुवर्णनाणी देऊ असे सांगितले. एका खुरासानी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने तो या प्रसंगातून सुटला. पुढे बीदरला अनेक हिंदूंशी त्याचा परिचय झाला, तेव्हा आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहो असे त्याने त्यांना सांगितले. त्या वेळी त्याने आपली दोन नावे सांगितली असे तो लिहितो : एक ओफोनासेय, आणि दुसरे, परदेशात धारण केलेले, खोजा युसुफ खोरासानी. येथेही निकितीन नाही. जेथे पित्याला कोणी ओळखत नाही तेथे पित्याचे नाव सांगून उपयोग काय? परमेश्वरापुढे पित्याचे नाव, मॉस्कोत गावाचे, आणि दक्षिणेत दुरून घेतलेले एक टोपणनाव. ऐकणारा कोण आहे त्याप्रमाणे नावाचा दुसरा भाग बदलतो. ज्याला आडनाव आहे त्याच्या बाबतीत असे घडत नाही. आडनावाचे लक्षणच हे की ते श्रोत्यावर अवलंबून नसते.

मराठी कागदपत्रे हाताळणाऱ्यांना ही स्थिती अनोळखी नाही. आपल्या जुन्या दस्तऐवजांत 'अमुक बिन तमुक' अशी नावे शेकड्यांनी येतात. त्यातील 'बिन'पुढील नाव बापाचे असते. ते आडनाव समजून कोणी सूची करू लागला तर आपण त्याला थांबवू. मग त्वेरच्या या व्यापाऱ्याला तोच न्याय का लावू नये?

आपण त्याला 'अफनासी निकितिच' म्हणावे काय? अर्थाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, आणि आजच्या रशियनमध्ये निकिताच्या मुलाला तसेच संबोधतील. पण त्या काळी या दोन रूपांमध्ये व्याकरणाखेरीज प्रतिष्ठेचाही भेद पडू लागला होता. '-इच' अथवा '-ओविच' हा शेवट राजकुळांना आणि बोयार म्हणजे सरदारवर्गाला शोभणारा मानला जाई. मॉस्कोचे राज्य दृढ होत गेले तसतसा तो एक मान झाला, आणि राजाने तो कृपा म्हणून बहाल करावा अशी प्रथा पडली. सतराव्या शतकाच्या आरंभी स्त्रोगानोव या धनाढ्य व्यापारी घराण्याला हा अधिकार मिळाला, याची नोंद इतिहासाने विशेष म्हणून केली आहे. सामान्य व्यापारी 'अमक्याचा पुत्र' एवढ्यावरच समाधान मानी. दुसऱ्या कॅथरीनच्या काळात तर सरकारी लेखनासाठी नियमच झाला : पदश्रेणीतील पहिल्या पाच वर्गांच्या अधिकाऱ्यांना '-इच'युक्त पितृनाम, सहाव्या ते आठव्या वर्गास '-इच'वाचूनचे, आणि नवव्यापासून चौदाव्यापर्यंत पितृनामच नाही. एका प्रत्ययावरून मनुष्याची पायरी कळावी, ही व्यवस्था. म्हणजे 'निकितीन' या रूपात पित्याचे नाव आहे तसा पुत्राचा दर्जाही सुचविलेला आहे, आणि 'निकितिच' म्हणून आपण अफनासीला जो मान देऊ तो त्याच्या काळी त्याला मिळाला नसता.

मग पितृनामाचे आडनाव झाले कसे? यास झारांच्या घराण्याएवढा बोलका दाखला दुसरा नाही. या वंशाचा ज्ञात मूळ पुरुष चौदाव्या शतकातील अंद्रेय कोबिला. 'कोबिला' म्हणजे घोडी. त्याचा पुत्र फ्योदोर कोश्का, 'कोश्का' म्हणजे मांजर. म्हणून पुढील पिढी 'कोश्कीन' झाली. त्या पिढीच्या पुढचा पुरुष झाखारी, त्याच्या वंशजांना 'झाखार्यीन' म्हणू लागले. झाखारीचा पुत्र यूरी, त्याचा पुत्र रोमान. तेव्हा 'झाखार्यीन-यूर्येव' असे जोडनाव दिसते. रोमानची कन्या अनस्तासिया हिचा १५४७ मध्ये चौथ्या इवानशी विवाह झाला. तिचा भाऊ निकिता रोमानोविच, आणि त्याचा पुत्र फ्योदोर निकितिच हा 'रोमानोव' म्हणविला गेला. या फ्योदोरचा पुत्र मिखाइल १६१३ मध्ये झार झाला.

या मालिकेत दर एकदोन पिढ्यांनी नाव बदलते, याचे कारण प्रत्येक वेळी मनुष्य बापाच्या अगर आजाच्या नावाने ओळखला जातो. पित्याचे नाव '-इच' लावून आधीच सांगितलेले असते. म्हणून '-ओव', '-ईन' हे रूप पुष्कळदा आजाकडे सरकते. फ्योदोरचा आजा रोमान, म्हणून तो रोमानोव. आता हाच क्रम आणखी एक पिढी चालू राहिला असता तर काय झाले असते? मिखाइलचा आजा निकिता होता. जुन्या रिवाजाने नातवाचे नाव 'निकितीन' व्हावयास हरकत नव्हती, आणि रशियावर तीनशे वर्षे राज्य करणारे घराणे 'निकितीन' या नावाने आपणास परिचित झाले असते. तसे झाले नाही, कारण नेमके याच सुमारास नाव गोठले. फिरते नाव ज्या पिढीत फिरावयाचे थांबले त्या पिढीत आडनाव जन्मास आले.

सरदारवर्गात हे गोठणे सोळाव्या-सतराव्या शतकांत पुरे झाले. शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्यास मात्र फार विलंब लागला. भूदासांपैकी पुष्कळांना १८६१ च्या मुक्तीनंतरच लेखी, कायमचे आडनाव मिळाले. तोपर्यंत कागदोपत्री तेच जुने, एका पिढीपुरते पितृनाम चाले. या दोन अवस्थांमधील सीमारेषा एकाच आडनावाच्या दोन व्यक्तींवरून दिसते. पहिल्या पीटरच्या पदरचा प्रख्यात व्यक्तिचित्रकार इवान निकितिच निकितीन. त्याचे पितृनाम व आडनाव दोन्ही निकितावरून आलेली आहेत, त्यामुळे ते आडनाव त्याच्या पित्यापासून निघाले की पूर्वीचेच होते, हे नुसत्या नावाकडे पाहून कोणी सांगू शकणार नाही. दुसरा व्होरोनेझचा कवी इवान साव्विच निकितीन (१८२४–१८६१). याच्या बापाचे नाव साव्वा. येथे 'निकितीन' हा शब्द कोणा दूरच्या, विस्मृत निकिताकडे बोट दाखवितो. कवीच्या दृष्टीने त्याला काहीच अर्थ उरलेला नाही. त्या शब्दाचा अर्थ 'विजयी पुरुषाचा वंशज' असा सांगणारे हौशी व्युत्पत्तिकार भेटतात. त्यांना इतकेच सांगावे लागते की, निकिता हे नाव ठेवणाऱ्या रशियन मातापित्यांच्या मनात बहुधा दिनदर्शिकेतील संत होता, ग्रीक धातू नव्हता. आणि 'निकितीन' म्हणवून घेणाऱ्याच्या मनात तर संतही नव्हता.

गोठण्याची ही क्रिया भाषेने आपल्या विभक्तिरूपांत जपून ठेविली आहे. 'निकितीन' या आडनावाची रूपे चालवून पाहिली तर बहुतेक विभक्तींत ते नामासारखे चालते, परंतु तृतीयेत एकाएकी विशेषणाचे रूप घेते : 'निकितिनिम'. नामाप्रमाणे चालते तर 'निकितिनोम' व्हावयास हवे होते. म्हणजे हा शब्द अर्धा नाम झाला आहे आणि अर्धा विशेषणच राहिला आहे. उलट परदेशी नावे पाहा. डार्विन याही नावाचा शेवट '-ईन'सारखाच. पण त्यात स्वामित्वदर्शक प्रत्यय नाही, हे रशियन भाषेला जणू ठाऊक असल्यामुळे त्याची तृतीया 'दार्विनोम' अशी नामासारखी होते. याहून मौजेचे उदाहरण अफनासीच्याच गावाचे आहे. १९३१ ते १९९० या काळात त्वेरचे नाव सोव्हिएत नेते मिखाइल कलीनीन यांच्यावरून 'कलीनीन' असे होते. शब्द एकच, परंतु मनुष्याची तृतीया 'कलीनिनिम' आणि शहराची 'कलीनिनोम'. शहर कोणाचा पुत्र नसते, म्हणून त्याच्या नावातून विशेषणाचा उरलासुरला अंशही नाहीसा झाला.

अफनासीचे पितृनाम आडनाव बनून आपल्यापर्यंत आले ते इंग्रजीच्या मार्गाने, असे मानावयास जागा आहे. १८५७ मध्ये हॅक्लूट सोसायटीने 'पंधराव्या शतकातील भारत' या संग्रहात काउंट व्येल्गोर्स्की यांनी केलेले भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात प्रवाशाचे नाव 'अथानेशियस निकितीन' असे छापले आहे, आणि इंग्रज वाचकाला दोन शब्दांच्या नावातील दुसरा शब्द आडनावच वाटणार. अर्थात् दोष सर्वस्वी इंग्रजीचा नाही. खुद्द रशियन ग्रंथालयांतही तो 'न' खालीच सापडतो, आणि १९५५ मध्ये त्वेरला उभारलेला पुतळा व १९५७ चा 'परदेसी' हा चित्रपट यांनी ते नाव इतके दृढ केले आहे की ते बदलू पाहणे व्यर्थ होय. बोलताना, लिहिताना आपण 'निकितीन' म्हणावे. रूढीपुढे व्याकरण चालत नाही.

तथापि दोन ठिकाणी सावध राहावे. निकितीन नावाचे घराणे त्या काळी त्वेरला होते, किंवा आजचा कोणी निकितीन या प्रवाशाचा वंशज आहे, असे अनुमान केवळ नावावरून काढू नये. अफनासीला मुलगा असता तर तो 'अफनास्येव' म्हणविला गेला असता. दुसरी गोष्ट सूचीकारांसाठी. नोंद 'अ' या अक्षराखाली घ्यावी, 'अफनासी, निकिताचा पुत्र, त्वेरचा व्यापारी' अशी. आणि 'न' खाली शोधणाऱ्याची सोय म्हणून 'निकितीन : पाहा अफनासी' एवढी एक ओळ ठेवावी.